दारं लागायच्या आत

मिल्काच्या घरी भाताचं पातेलं फार लवकर धुऊन व्हायचं. दोन मुठी तांदूळ, पातेलंभर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून आई पेज करायची. वरचं पाणी ती स्वतः प्यायची आणि तळाची शितं मिल्काच्या वाटीत घालायची.

"आई, तुला शितं?"

"मला पाणीच आवडतं गं," आई म्हणायची आणि चटकन पाठ फिरवायची.

मिल्का नऊ वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी तापानं तिचे बाबा गेले, तेव्हापासून आई लोकांचे कपडे शिवून घर चालवत होती. पण आई मोठी मानी. कुणाला काही सांगायची नाही. साडीचं ठिगळ पदराखाली झाकून घ्यायची आणि कुणी विचारलं तर हसून म्हणायची, "आमचं छान चाललंय."

त्यांचं गाव नारवेली. समोर निळाशार समुद्र, मागे हिरव्यागार नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि मध्ये लाल कौलांची चिमुकली घरं. त्यांतली अकरा घरं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची होती. हे लोक मराठी बोलायचे, माशाचं कालवण आणि भात खायचे, शनिवारी मात्र कामाला हात लावायचे नाहीत. प्रार्थनेसाठी त्यांचं एक पिटुकलं पांढरंशुभ्र सिनेगॉग होतं, आणि त्या सिनेगॉगमध्ये छताला टांगलेला एक निळा काचेचा दिवा होता.

काय सुंदर होता तो दिवा! मोराच्या मानेसारखा निळा. त्यात तेल घालून वात पेटवली की भिंतींवर निळ्या-जांभळ्या लाटा डुलायच्या, जणू सगळा समुद्र आत येऊन बसलाय.

तो दिवा रोज लावायचे हसाजीकाका. ते खूप म्हातारे होते. त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, बाकी सगळं धुक्यासारखं. तरी चाळीस वर्षांची सवय त्यांच्या बोटांत होती. ते चाचपत यायचे, दिवा खाली घ्यायचे, तेल घालायचे, वात सारखी करायचे आणि पुन्हा कडीत अडकवायचे. तेलाचा एक थेंब कधी सांडला नाही. "माझे डोळे गेले, पण हात आहेत ना," असं ते हसून म्हणायचे. काकांना मुलंबाळं नव्हती. मिल्का रोज सकाळी त्यांच्यासाठी विहिरीवरून दोन घागरी पाणी आणायची, कुणी न सांगता.

सगळे म्हणायचे, "किती गुणाची पोर!"

पण मुलांनो, काही दिवसांपासून हे शब्द ऐकले की मिल्काला रडू यायचं. कारण तिच्या मनात एक गोष्ट होती, आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती.

नव्या वर्षाचा सण जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. मिल्का सिनेगॉगमध्ये धूळ पुसायला गेली होती. आत कुणी नव्हतं. खिडकीतून सोनेरी ऊन येत होतं आणि निळा दिवा लुकलुकत होता. तिला वाटलं, आतून कसा दिसत असेल हा? ती बाकावर चढली. टाचा उंच करून तिनं दिवा हातात घेतला. आणि तो निसटला.

खळ्ळकन!

फरशीवर निळे निळे तुकडे पसरले. मिल्का घाबरली आणि धूम पळाली.

संध्याकाळी हसाजीकाका दिवा लावायला आले. त्यांच्या चपलेखाली काच कर्रकन वाजली. ते खाली बसले, एकेक तुकडा हातानं चाचपला आणि मग अगदी हळू म्हणाले, "माझ्याच हातून कडी नीट बसली नसणार."

त्यांना कुणी बोललं नाही. सिनेगॉगचे मुकादम सामाजी प्रेमानं म्हणाले, "काका, पुष्कळ केलंत. आता विश्रांती घ्या." आणि दिवाबत्तीचं काम त्यांनी दुसऱ्याकडे दिलं.

तेव्हापासून काका ओटीवर बसून राहायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मिल्का पाण्याची घागर खाली ठेवायची तेव्हा ते म्हणायचे, "पोरी, या हातांचा आता भरवसा नाही गं." मिल्का सांगायला तोंड उघडायची, पुन्हा मिटायची आणि घागर उचलून निघून जायची. असे कितीतरी दिवस गेले.

आणि मग दारफाळणीच्या सणाला तीनच दिवस उरले.

दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर. त्या दिवशी मोठी माणसं पांढरे कपडे घालतात, पाणीसुद्धा न पिता उपास करतात आणि वर्षभराच्या चुकांची देवाकडे माफी मागतात. आकाशाची दारं त्या दिवशी सताड उघडी असतात. सण आदल्या संध्याकाळी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळला की दारं लागतात.

आईनं सणाच्या न्हाण्यासाठी मिल्काला करवंटीत दोन बोटं खोबरेल काढून दिलं होतं. घरात तेवढंच उरलं होतं. ते घेऊन मिल्का वाडीतल्या विहिरीकडे निघाली, तोच तिला एक बारीक आवाज ऐकू आला. घुंगरू पाण्यात पडावं तसा.

फणसाच्या खोडाला चीक आला होता, आणि त्या चिकात अडकली होती एक परी! केळफुलाच्या पाकळीएवढी इवलीशी. तिचा झगा पोफळीच्या फुलोऱ्यासारखा पिवळसर, केस सोनकीच्या फुलांसारखे, आणि चतुरासारखे दोन झिरमिरीत पंख. त्यांतला एक चिकात पक्का रुतला होता.

"ओढू नकोस गं," परी कळवळून म्हणाली. "फाटेल."

"नाही ओढत. फणसाचा चीक तेलानंच सुटतो." मिल्कानं करवंटीत बोट बुडवलं आणि त्या नाजूक पंखावर थेंब थेंब तेल चोळलं. एकदा, दोनदा, कितीदा तरी. करवंटी रिकामी झाली तेव्हा पंख अलगद सुटला.

परी फुर्रकन उडाली. तिच्या अंगातून केशरी, गुलाबी, मोतिया ठिणग्या झरल्या.

"तुझं सगळं तेल माझ्यापायी संपलं," परी म्हणाली. "माझ्याकडे दोन इच्छा आहेत. त्या तुझ्या. पण तीन नियम आहेत, नीट ऐक. घडून गेलेलं मला पुसता येत नाही. कुणाच्या मनात मला हात घालता येत नाही. आणि दारफाळणीच्या दिवशी दारं लागली की उरलेली इच्छाही विझते."

मिल्काचे डोळे भरून आले. "मग काकांनी मला माफ करावं, असं नाही मागता येणार?"

"नाही गं राणी. ते त्यांच्या मनातलं आहे."

मिल्कानं पुष्कळ विचार केला. मग ती म्हणाली, "तर मग तसाच निळा दिवा दे. अगदी तसाच. म्हणजे कुणाला काही सांगायलाच नको."

परीनं फक्त पंख हलवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात एकच गडबड उडाली. सिनेगॉगमध्ये छताला निळा दिवा झुलत होता! लोक म्हणाले, नवल झालं! त्यांनी हसाजीकाकांना हाताला धरून आणलं. काकांनी दिव्यावरून बोटं फिरवली. मिल्का दाराआडून पाहत होती. आता काका हसतील, तिला वाटलं.

पण काकांच्या पांढऱ्या दाढीवरून पाणी ओघळू लागलं.

"देवाला माझी चूक झाकावी लागली," ते म्हणाले. "एवढा निकामी झालो मी." आणि कुणाचा हात न धरता, भिंतीला धरून, ते घरी गेले.

मिल्का धावत घरी आली आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून तिनं सगळं सांगून टाकलं. दिवा, पळून जाणं, परी, सगळं. आई रागावली नाही. तिच्या हातातली सुई मात्र थांबली.

"आई, मी देवाकडे माफी मागू?"

"देवाचा अपराध केला असतास तर देवाकडे माफी मागितली असती. तू काकांचा अपराध केलास. आधी त्यांनी माफ केलं पाहिजे, बाळ. देवसुद्धा मध्ये पडत नाही."

"आणि त्यांनी नाही केलं तर?"

"पुन्हा जायचं. तीन वेळा जायचं, मनापासून."

त्याच दुपारी मिल्का काकांच्या ओटीवर गेली.

"काका, दिवा तुम्ही नाही फोडला. माझ्या हातून फुटला. मला माफ करा."

ओटीवरच्या नारळाच्या झावळ्या सळसळल्या. मग काका उठले, चाचपत आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मिल्का रडत वाडीत आली. फणसाच्या पानावर परी बसली होती. "परीताई, मला हे सगळं विसरायला लाव ना! मला छातीत दुखतंय."

"मनात हात घालत नाही मी," परी हळुवारपणे म्हणाली. "तुझ्याही नाही." आणि तिनं आपल्या चिमुकल्या झग्याच्या टोकानं मिल्काचा गाल पुसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिल्का पुन्हा गेली. या वेळी आई बरोबर होती, पण ती अंगणातच थांबली. "बोलायचं तू," ती म्हणाली.

"काका, मी चुकले. मला माफ करा."

काका आज बोलले. त्यांचा आवाज कोरडा होता. "दिव्याचं काही नाही गं. काच ती, फुटायचीच. पण तू रोज पाणी घेऊन यायचीस. मी माझ्या हातांना नावं ठेवायचो. तू समोर उभी राहून ऐकायचीस. ऐकायचीस ना?"

"हो, काका."

"रागवायचं नाही, असं मी मनाला सांगतोय. माफी शोधतोय मी आत. सापडत नाही, पोरी. काय करू?"

मिल्कानं गुपचूप दोन घागरी पाणी आणून ठेवलं. आज "गुणाची पोर" असं कुणी म्हणालं नाही, आणि तेच तिला बरं वाटलं.

संध्याकाळी सण सुरू झाला. अकराही घरांतली माणसं पांढरे कपडे घालून सिनेगॉगमध्ये जमली. बाबांच्या जुन्या धोतराचा शिवलेला पांढरा झगा घालून मिल्का आईजवळ बसली होती. कोपऱ्यात हसाजीकाका खाली मान घालून बसले होते. अजून सगळे त्यांच्याकडे कीव करत बघत होते. मिल्कानं ते पाहिलं.

प्रार्थना सुरू व्हायच्या आत ती उठली. एवढीशी मिल्का सगळ्यांच्या मधून चालत पुढे गेली. तिचे ओठ थरथरत होते.

"जुना दिवा मी फोडला," ती म्हणाली. "हसाजीकाकांच्या हातून नाही फुटला. त्यांची कडी नीट बसली होती. मी पळून गेले आणि गप्प बसले. नवा दिवा पण मीच परीकडे मागितला, चूक झाकायला. काकांचे हात चांगले आहेत."

एवढं बोलून तिनं डोळे मिटून घेतले. कुणी हसलं नाही. कुणी ओरडलंही नाही. वारा तेवढा खिडकीतून आत आला आणि निळा उजेड भिंतीवर डुलला.

मुकादम सामाजी उठले, काकांपाशी गेले आणि त्यांनी हात जोडले. "काका, आम्हीही चुकलो. विचारलं नाही, आणि तुमचं काम काढून घेतलं. उद्याची वात तुम्हीच लावा."

काकांनी दिव्याच्या दिशेनं हात उचलला. हात कापत होता. त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. "नको, सामाजी," ते म्हणाले. "हातांना आता भीती बसली."

ते ऐकून मिल्का आईच्या कुशीत शिरली आणि हमसून हमसून रडली. खरं सांगून झालं होतं. तरी काकांचे हात कापतच होते.

दुसरा दिवस उपासाचा. सकाळ गेली, दुपार गेली. प्रार्थना चालू होती. आईचे ओठ सुकून पांढरे पडले होते. खिडकीतलं ऊन पिवळं झालं, मग केशरी, मग जास्वंदीसारखं लाल. आकाशाची दारं लागायला थोडाच वेळ उरला.

मिल्का तिसऱ्यांदा हसाजीकाकांपाशी गेली आणि त्यांच्या पायाशी बसली.

"काका, मला माफ करा. नाही केलंत तरी मी पाणी आणीन. पण मला माफ करा."

काकांचा हात तिच्या डोक्यावर आला.

"काल तू बोलत होतीस ना," ते म्हणाले, "तेव्हा तुझा आवाज कापत होता. माझ्या हातांसारखाच. मला वाटलं, अरे देवा, ही पोर एवढे दिवस हे भय घेऊन एकटीच झोपत होती! मग मला राग शोधूनही सापडेना. केलं गं माफ. मनापासून केलं."

मिल्काच्या छातीतलं ते दुखणं सैल झालं. ती रडली, पण हे रडणं वेगळं होतं.

तेवढ्यात निळ्या दिव्याच्या साखळीवर सोन्याचा एक कण चमकला. परी! मिल्कालाच ती दिसत होती.

"चटकन बोल," परी कुजबुजली. "दारं लागताहेत. एक इच्छा उरली आहे. आईसाठी तांदूळ माग ना. डबा कधी रिकामा होणार नाही."

मिल्कानं आईकडे पाहिलं. आई भिंतीला टेकली होती, डोळे मिटून. केवढी थकलेली! तांदूळ म्हणायला मिल्कानं तोंड उघडलं. मग तिची नजर काकांकडे गेली. ते आपला एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरून बसले होते, कापू नये म्हणून. ते भय तिनं त्यांना दिलं होतं. माफी मिळाली तरी ते गेलं नव्हतं.

मिल्कानं आईकडे पुन्हा एकदा बघितलं. मनातल्या मनात तिनं आईचीही माफी मागितली.

"काकांना दिसू दे," ती अगदी हळू म्हणाली. "आपले हात किती नीट काम करतात, ते त्यांना बघू दे."

बाहेर सूर्याचं शेवटचं बोट समुद्रात बुडालं. सामाजींनी शोफार ओठांना लावला. शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग. त्याचा लांबच लांब स्वर उठला, छपरावरून, माडांवरून, समुद्रावरून गेला. त्या स्वरात परी उजळत गेली. आधी चांदणीएवढी, मग दिव्याएवढी, मग सगळं सिनेगॉग भरून टाकणारा मोतिया, गुलाबी, सोनेरी प्रकाश झाली. त्या प्रकाशात मिल्काला परीचे हसरे डोळे क्षणभर दिसले. मग शिंगाचा स्वर थांबला, आकाशाची दारं लागली आणि परी नाहीशी झाली.

हसाजीकाका डोळे चोळत होते. त्यांनी हात समोर धरले. सुरकुतलेले, तेलानं काळवंडलेल्या नखांचे हात. "अरे," ते म्हणाले. "अरे, हे तर माझे हात!"

ते उठले. निळा दिवा खाली घेतला, तेल घातलं, वात सारखी केली, पेटवली आणि कडीत अडकवला. हात कापले नाहीत. सगळीकडे निळ्या लाटा डुलू लागल्या आणि माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडू-हसू लागली.

मग काका मिल्काकडे वळले. तिचा चेहरा ते पहिल्यांदाच पाहत होते. तिची हनुवटी त्यांनी वर उचलली आणि त्यांचं हसू मावळलं. त्यांना तिची गालफडं दिसली. झग्यातून वर आलेली गळ्याची हाडं दिसली. काडीसारखे हात दिसले. त्यांनी तिच्या आईकडे पाहिलं. आईनं साडीचं ठिगळ घाईघाईनं पदराखाली घेतलं, पण आता काकांना दिसत होतं.

"सिम्हाबाई," त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

आईच्या डोळ्यांतून पाणी टपटप गळू लागलं. दोन वर्षांत ती पहिल्यांदा कुणासमोर रडली.

"आणि अशा उपाशी पोरीनं आणलेलं पाणी मी रोज प्यायलो," काका म्हणाले. त्यांनी दोन्ही हात जोडले. "मला दिसत नव्हतं, पण विचारता येत होतं. मला माफ करा, सिम्हाबाई. मिल्का, तू पण."

मिल्का घाबरून म्हणाली, "पण काका, दारं तर लागली!"

"आकाशाची लागली गं. आपली घरं उघडीच आहेत. चला, जेवायला चला."

त्या संध्याकाळी काकांच्या स्वयंपाकघरात चूल धडधडून पेटली. सामाजींच्या घरून मासळीचं कालवण आलं, कुणाकडून पुऱ्या आल्या, कुणी नारळाचं दूध घातलेला गोड भात आणला. आईच्या पानात काकांनी स्वतः वाढलं आणि शेजाऱ्यांनी ठरवलं की या दोघींचं पान आता कधी रिकामं राहायचं नाही. पाण्याच्या घागरी मिल्का आणतच राहिली. काकांनी नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

हसाजीकाका त्यानंतर फार जगले नाहीत. आंब्याला मोहोर आला तेव्हा ते गेले, आणि मिल्का आठ दिवस कुणाशी बोलली नाही. पण तोवर रोज संध्याकाळी दिवा लावून ते मिल्काच्या घरी यायचे, आणि ती जेवायला बसली की समोर पाट घेऊन बसायचे.

"काका, तुम्ही पण घ्या ना," मिल्का म्हणायची.

"घेतो गं. आधी तू जेव," काका म्हणायचे. "मला जरा बघू दे."